पायलटचा अंगठा

आमच्या कारखान्यात पाइपात जाणारी यंत्रं बनतात. बुटाच्या खोक्याहून थोडं मोठं यंत्र, दोन बाजूंना रबरी पट्टे, पुढे कॅमेरा आणि दिवा, मागे लांब वायर. माणूस शिरू शकत नाही अशा पाण्याच्या नळांतून ते फिरतं आणि कुठे तडा गेलाय, कुठे गाळ साचलाय ते बाहेर पडद्यावर दाखवतं. कागदोपत्री त्याला रोबो म्हणतात. आम्ही घूस म्हणतो. तिचे पट्टे, चाकं आणि गियर ही माझी कामं, मी फिटर आहे. तिला अक्कल दिली माझ्या बायकोनं. आणि तिला चालवतो तो पायलट. त्याला आई-वडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण आमच्याकडे हजेरीच्या वहीतही पायलटच लिहितात.

घूस चालवायला मुलांचा व्हिडिओ गेमचा रिमोट वापरतात. दोन अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या, वरच्या कडेला पहिल्या बोटांखाली दोन चाप, बाकी बटणं. बघणाऱ्याला वाटतं, दांडी ढकलली की घूस जाते. तसं नाही. दांडी नुसता आकडा देते. मधोमध असली की शून्य, एका टोकाला शंभर, दुसऱ्या टोकाला उणे शंभर. त्या आकड्याचं काय करायचं ते प्रोग्रॅम ठरवतो. अंगठा किती हलेपर्यंत दुर्लक्ष करायचं, किती हलला की किती वळायचं, किती आकड्यांची सरासरी काढून मग ऐकायचं. हे सगळं माझी बायको ठरवायची, आणि ठरवताना तिला पायलट शेजारी लागायचा.

चार वर्षं रोज दुपारच्या चहानंतर दोघं मागच्या अंगणात बसायची. तिथे सरावाला साठ मीटरचा पाइप टाकलेला आहे, मध्ये एक काटकोनी वळण. तिच्या मांडीवर लॅपटॉप, त्याच्या हातात रिमोट. माझं बाक खिडकीला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"आता?"

"जरा जड वाटतेय."

"आता?"

"हं, बरी आहे. पण वळताना उशिरा ऐकते."

"अरे, मग आधी सांगायचं ना. आता?"

एवढंच. यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. तो तिला वहिनी म्हणायचा, मला दादा. पण अठ्ठावीस वर्षं ती मला 'अहो' म्हणाली, आणि त्याला 'अरे'. आणि घरी तिनं मला कधी कशाबद्दल 'आता?' असं विचारल्याचं आठवत नाही. घरी ती सांगायची, मी ऐकायचो.

माझ्या हातून मापं चुकायची ती त्याच तासात. एकदा एका गियरचं भोक अर्धा मिलिमीटर मोठं पडलं. ती म्हणाली, "लक्ष कुठे होतं तुमचं?" मी म्हटलं, "कामावर."

मग ती आजारी पडली. शेवटचे चार महिने घरीच होती, आणि त्या चार महिन्यांत तिनं मला प्रोग्रॅम शिकवला. पन्नाशी उलटलेला मी, आयुष्यभर पाना आणि कानस चालवलेली बोटं. रोज सकाळी पलंगाशी खुर्ची ओढून बसायचो, लॅपटॉप गादीवर.

"अहो, कंस बंद करा."

"कुठला?"

"तुम्ही उघडलात तो."

"मी कधी उघडला?"

"मग काय शेजाऱ्यांनी येऊन उघडला?"

हसली की तिला खोकला यायचा, म्हणून ती हसणं टाळायची आणि मी मुद्दाम चुका करायचो. ते चार महिने आमच्या लग्नातले सगळ्यात चांगले होते. असं बोलणं बरं दिसत नाही, पण होतं ते तसं. मला वाटायचं, माझ्याजवळ बसायला तिला निमित्त हवंय.

ती गेल्याला आठ महिने झाले तेव्हा जुना रिमोट मोडला. दांडीचं बूड झिजून गेलं होतं. बाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, नवा रिमोट माझ्या बाकावर आणून ठेवला.

"काका, याचे आकडे वेगळे येतात. जुनी फाइल चालत नाही. तुम्हाला जमेल ना? वहिनी म्हणाल्या होत्या, तुम्हाला येतं."

"येतं म्हणजे, कंस बंद करता येतो."

"तेवढं पुरे. गुरुवारी पाणी खात्याचे इंजिनिअर येणार आहेत. साठ मीटर, वळणासकट, भिंतीला न घासता चालवून दाखवायचंय. त्यांना पटलं तर पुढची दोन वर्षं कारखान्याला काम आहे."

तो सोमवार होता. मी तिची फाइल पहिल्यांदा पूर्ण उघडली. घरी तिनं मला शिकवलं होतं ते वेगळ्या, छोट्या फायलींवर. ही खरी.

प्रोग्रॅममध्ये ओळीच्या सुरुवातीला एक खूण केली की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी असते, हे आकडे का घातले ते पुढच्याला कळावं म्हणून. लोक अशा ओळी दोन-चार लिहितात. हिच्या फाइलमध्ये एकशे एकोणचाळीस होत्या, तारखा घालून, मराठीत.

'सरासरी आठची बारा केली. आज थरथर जास्त. झोप झाली नाही म्हणतो.'

'उजवा अंगठा आपोआप डावीकडे ओढतोय, सहापर्यंत. मधला आकडा सहानं सरकवला. त्याला सांगितलं नाही, त्याला वाटू दे आज हात चांगला आहे.'

'आज एक शब्द बोलला नाही. आईची तब्येत. आकडे बदलले नाहीत. नुसते बसलो.'

पायलटच्या उजव्या अंगठ्याला कंप होता. चार वर्षं होता. यंत्राला तो कळू नये, बाईंना कळू नये, अशी सगळी सोय तिनं त्या आकड्यांत केली होती. मी एकाच छपराखाली काम करत होतो आणि मला पत्ता नव्हता.

मी ती 'नुसते बसलो' ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. चार वर्षांत आम्ही नवराबायको नुसते कधी बसलो होतो? तिनं मला उद्देशून लिहिलेलं घरात काय आहे ते मी मनात धुंडाळलं. फ्रिजवर एक चिठ्ठी अजून आहे, 'गॅस बंद केलात का बघा'. बस.

शेवटची ओळ ती घरी बसायला लागली त्याच्या आदल्या दिवसाची होती. 'कंप वाढत जाणार. माझ्यानंतर कुणाला तरी हे जमलं पाहिजे. ह्यांना शिकवते.'

म्हणजे पलंगाशेजारची ती खुर्ची, तो गादीवरचा लॅपटॉप, ते कंस, सगळं त्याच्या अंगठ्यासाठी होतं. माझ्या चार महिन्यांवर त्याचं नाव होतं.

मी नवी फाइल लिहिली. नव्या रिमोटच्या आकड्यांप्रमाणे, स्वच्छ. सरासरी बाराची चार, कुठल्याही धडधाकट माणसाला ठेवतात तशी. मधला आकडा शून्य. कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. नवा रिमोट आहे, दांडी ढिली नाही, जुन्या दुरुस्त्या कशाला हव्यात. फिटर म्हणून ते उत्तर मलाही पटण्यासारखं होतं. पण मी काय करतोय ते मला माहीत होतं.

मंगळवारी दुपारी सराव ठेवला. पायलट खुर्चीवर बसला, रिमोट हातात घेऊन त्यानं वजन पाहिलं. पंचेचाळिशीचा माणूस, एकटा, आईबरोबर राहतो. शर्टाच्या बाह्या कधी दुमडत नाही. मी तिच्या जागेवर बसलो नाही, उभाच राहिलो.

घूस दहा मीटर बरी गेली. मग तिला शिंका आल्यासारखं झालं. डावीकडे झटका, उजवीकडे झटका, कॅमेऱ्यात पाइपाची भिंत येते आणि जाते. वळणाशी तिनं सरळ भिंतीवर नाक घासलं. रबर ओढल्याचा आवाज वायरीतून आल्यासारखा अंगणात ऐकू आला. पायलटनं परत मागे घेतली, परत घासली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? इतके महिने मला कशानंच बरं वाटलं नव्हतं, त्यानं वाटलं.

"माझंच चुकतंय," तो म्हणाला. "नवीन आहे ना. दादा, तुमच्या कामात काही नाही."

त्यानं चिडायला हवं होतं. त्यानं मला दोन शब्द सुनावले असते तर माझं काम सोपं झालं असतं. आतून कोणी येत नाही ना ते पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"दादा, वहिनींनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं? माझ्याबद्दल?"

"काय सांगायचं?"

"काही नाही. असंच."

"नाही बाबा. तुझ्याबद्दल आमच्यात कधी विषयच निघाला नाही."

हे त्याला लागलं. त्याच्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं, आणि पुन्हा बरं वाटलं, पण आधीपेक्षा कमी.

घरी गेलो तर लेक स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवत होती. ती इस्पितळात नर्स आहे, तिच्या पाळीप्रमाणे आमच्या घराचं घड्याळ चालतं. मी ताट घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पायलटच्या हाताला काही झालंय का गं? तुला काही माहीत?"

ती जेवायची थांबली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"आईनंच मला विचारलं होतं. कुठल्या डॉक्टरकडे न्यावं म्हणून. मीच नंबर लावून दिला होता. बरं होण्यातलं नाही ते, बाबा. हळूहळू वाढतं."

"छान. सगळ्या गावाला माहीत. मी सोडून."

"सगळं गाव म्हणजे मी आणि आई."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तुमच्या पोटात काही राहतं का? माझ्या साखरपुड्याची बातमी तुम्ही आजीला मी फोन ठेवायच्या आत सांगितली होती."

"ते वेगळं."

"आणि त्याचं नाव निघालं की तुमचं तोंड कसं व्हायचं ते तुम्हाला दिसत नव्हतं. आम्हाला दिसायचं." तिनं ताट धुवायला घेतलं. मग पाठ वळवूनच म्हणाली, "आज काय झालं?"

मी सांगितलं. ती म्हणाली तसंच, पोटात राहत नाही. फाइल, नोंदी, बाराचे चार, भिंतीला घासलेली घूस, सगळं.

ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तिनं नळ बंद केला, हात पुसले.

"गुरुवारी त्याला जमलं नाही तर त्याची खुर्ची जाईल ना?"

"जाईल."

"आणि मग तो काय करेल?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्हाला नाही तर कुणाला विचारू? केलंय कुणी?"

ती कामावर निघून गेली. मी टेबलाशी बसून राहिलो. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं.

बुधवारी सकाळी पायलट माझ्या आधी येऊन अंगणात बसला होता. घूस पाइपाच्या तोंडाशी, रिमोट गुडघ्यावर. मी खुर्ची ओढली आणि या वेळी बसलो.

"काल तुझी चूक नव्हती," मी म्हटलं. "तुझ्या हातासाठी तिनं जे घातलं होतं ते मी काढलं. वाचून, समजून काढलं. मग खोटं बोललो."

तो रिमोटकडे बघत राहिला. "का?"

"का ते तुला माहीत आहे."

त्यानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून ते मला कळलं नाही. मी लॅपटॉप उघडला, बाराची सरासरी परत घातली, मधला आकडा सहानं सरकवला. "चालव."

जमलं नाही. वर्षभरात कंप पुढे गेला होता. मी बाराचे सोळा केले, वीस केले. वीस आकड्यांची सरासरी काढून मग ऐकायचं म्हणजे झटके थांबतात, पण घूस बहिरी होते. वळणाशी त्यानं दांडी वळवली, आणि ती विचार करून वळेपर्यंत भिंत आली.

"हात इथे ठेव," मी म्हटलं. त्याचा उजवा हात मी लॅपटॉपशेजारी फळीवर ठेवून घेतला, रिमोटसकट, आणि पडद्यावर आकडे सोडले. अंगठा दांडीवर नुसता टेकवून ठेव म्हटलं. आकडे पळत होते. सहा, उणे अकरा, नऊ, उणे चौदा. मी त्याची बाकीची बोटं पाहिली. चापावरचं पहिलं बोट स्थिर होतं. डावा अंगठा स्थिर होता.

बेअरिंग गेलं की फिटर त्यावर किती दिवस ग्रीस चोपडणार? भार दुसरीकडे घेतो. मी वळवायचं काम उजव्या दांडीवरून काढून डाव्या दांडीवर दिलं. पुढे-मागे जाणं त्या पहिल्या दोन बोटांखालच्या चापांवर दिलं, जितका दाबशील तितका वेग. उजव्या दांडीला काहीच काम ठेवलं नाही, ती कितीही हलो. सरासरी परत चारची केली. सगळं मिळून दोन तास लागले, त्यातला अर्धा वेळ कंस शोधण्यात.

"उजवा अंगठा गेला तुझा," मी म्हटलं. "तो विसर. डाव्यानं शिक."

त्याचा चेहरा पडला. पण तो चालवायला लागला. आधी घूस दारू प्यायल्यासारखी गेली. दुपारपर्यंत सरळ जायला लागली. वळणाशी थांबून, तसूतसूनं वळून पलीकडे गेली, घासली नाही. मी शेजारी बसून विचारत होतो, आणि माझ्याच तोंडून काय येतंय ते मला ऐकू येत होतं.

"आता?"

"डावीकडे जरा जास्त जाते."

"आता?"

"हं."

मग मी एकदम विचारलं. "तुमच्यात काय होतं?"

त्यानं चाप सोडला. घूस पाइपात थांबली. "वहिनींच्या बाजूनं काय होतं ते मला कधी कळलं नाही, दादा."

"आणि तुझ्या?"

"माझ्या बाजूनं होतं."

"तिला सांगितलंस?"

"नाही. पण माझा हात रोज बघायच्या त्या. कळलंच असेल."

मी त्याला मारीन असं मला एक क्षण वाटलं. माझ्या मांडीवर त्याचा आख्खा उद्याचा दिवस उघडा पडला होता, एक बटण दाबलं असतं तर दोन तासांचं काम पुसलं गेलं असतं. तेही मला वाटलं. मी फाइल जतन केली.

"परत मागे घे," मी म्हटलं. "वळण अजून एकदा."

बाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी पूर्ण फेरी पाहिली.

"पायलट, तुम्ही डावखुरे कधी झालात?"

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "तू सांग. तिनं ठेवलं तसं मी ठेवणार नाही. तुझ्यामाझ्यात गुपित नको."

त्यानं बाईंना सांगितलं, उभा राहून, हात पाठीमागे घेऊन. बाई चिडल्या. मोठ्यानं नाही, त्या चिडल्या की चष्मा काढून हातात धरतात.

"चार वर्षं? आणि वहिनींनी मला सांगू नये?" मग माझ्याकडे वळून, "काका, तुम्ही तरी?"

"बाई, तिनं कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही."

"तुम्हालाही नाही?"

त्या ज्या नजरेनं माझ्याकडे बघत होत्या ती मला सहन झाली नाही. कीव होती ती. मी म्हटलं, "चार वर्षांत घूस एकदा तरी अडकली का? नाही ना. मग तिनं तिचं काम केलं." बायकोची बाजू घ्यायची होती म्हणून घेतली, आणि घेताना त्याचीही घेतली गेली. त्याला माझा इलाज नव्हता.

बाईंनी चष्मा घातला. "उद्या चालवा. भिंतीला एकदा जरी घासली तरी मी दुसरा माणूस बघणार. मग मला दोष द्यायचा नाही."

गुरुवारी पाणी खात्याचे इंजिनिअर आले, एक उंच आणि दुसरे सतत फोनवर. उंच होते ते पडद्यासमोर बसले. पायलट खुर्चीत बसला, उजवा अंगठा त्यानं रिमोटच्या खाली घेतला होता, दांडीवर ठेवलाच नाही. मी लॅपटॉप घेऊन मागे, करण्यासारखं काहीच नसताना.

घूस निघाली. पडद्यावर पाइपाची गोल भिंत, मधोमध दिव्याचा उजेड. वीस मीटर. तीस. वळण आलं तसा तो थांबला. थांबला तो थांबलाच. त्याच्या मानेवर घाम दिसत होता. मला आत कुठेतरी असं वाटत होतं की घासावी, एकदा, हलकी. आणि त्याच वेळी मी माझाच डावा अंगठा पँटच्या खिशात वळवत होतो, त्याला वळवायला हवा तसा.

उजेड भिंतीवर आला, सरकला, सरकला, आणि पुढचा पाइप उघडला. घासली नाही. पुढचे तीस मीटर त्यानं सरळ नेले.

"फार हळू जाते हो," फोनवाले इंजिनिअर म्हणाले.

"बघायला पाठवतो साहेब, शर्यतीला नाही," बाई म्हणाल्या.

उंच इंजिनिअर हसले आणि कागद काढायला लागले. पायलटनं रिमोट खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले. उजवा थरथरत होता आणि त्यानं तो झाकला नाही. बाईंनी पाहिलं. संध्याकाळी हजेरीच्या वहीत त्यांनी सोमवारपासूनच्या कामाच्या जागी त्याचं नाव घातलं. पायलटच घातलं.

त्याला सहा आठवडे बाहेरगावी जायचं होतं, घूस आणि लॅपटॉप घेऊन. शनिवारी तो माझ्या बाकाशी आला.

"दादा, फाइलची प्रत द्याल ना? वहिनींच्या नोंदी असतात त्यात, बाई म्हणाल्या. मी कधी पाहिल्या नाहीत. पडदा त्या त्यांच्याकडे ठेवायच्या."

"देतो संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं.

तो गेल्यावर माझ्या डोक्यात दोन दिवस घोळत होतं ते पुढे आलं. काम डाव्या हातावर देणं, त्यात अवघड काय होतं? माझ्यासारख्या शिकाऊ माणसाला ते दोन तासांत सुचलं. तिला चार वर्षांत सुचलं नसेल, असं मला वाटत नाही. ती माझ्याहून कितीतरी हुशार होती. आणि ते एकदा केलं असतं तर रोज दुपारी अंगणात बसायचं कारणच उरलं नसतं.

मी जुनी फाइल उघडली आणि सोमवारी नुसत्या चाळलेल्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. मिळाली. दोन वर्षांपूर्वीची, एका गुरुवारची.

'डाव्या हातावर द्यावं का? आकड्यांपेक्षा सोपं पडेल. पण नको. उजवा गेला असं त्याला वाटेल. हात बरा होईल म्हणून तो वाट बघतोय तोवर आपणही बघू.'

आणि मी त्याला तोंडावर म्हटलं होतं, उजवा गेला तुझा.

दुसरं काही कारण तिला असेल तर ते तिनं लिहिलेलं नाही. मी शोधलं. 'आपणही' मध्ये ती कुणाला धरत होती, तिला एकटीला की आणखी कुणाला, तेही मला कळलं नाही.

मी नव्या फाइलची प्रत काढली आणि नियमाप्रमाणे वर जुन्या नोंदी जोडल्या. मग एकेक करून त्या पुसायला लागलो. झोप झाली नाही म्हणतो, पुसली. नुसते बसलो, पुसली. ह्यांना शिकवते, पुसली. मूळ फाइल माझ्याकडे आहे, ती मी कुणाला देणार नाही. सगळी त्याच्याबद्दल आहे हे मला माहीत आहे, पण अक्षर न् अक्षर तिचं आहे.

डाव्या हाताच्या ओळीशी मी थांबलो. ती तरी त्याच्यासाठी ठेवावी असं वाटलं. सहा आठवडे परक्या गावात, उजवा हात मांडीवर, त्याला ती वाचायला मिळाली असती तर बरं झालं असतं. मी चहा पिऊन आलो. अजून तसंच वाटत होतं.

ती पण काढली.

संध्याकाळी तो गाडीत सामान चढवत होता तेव्हा मी लॅपटॉप त्याच्या हातात दिला. त्यानं तिथेच, गाडीच्या फळीवर ठेवून तो उघडला, फाइल वर-खाली केली.

"दादा, यात नुसते आकडेच आहेत."

"आकडेच लागतात," मी म्हटलं. "चालवून पाहिलंय मी. नीट चालते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉप मिटला आणि काळजीनं, डाव्या हातानं, घुशीशेजारी ठेवला.